उतरून चालणारे

"बाई, आज तरी मला सायकलीत धरणार का?" दवाखान्यातला कंपाउंडर सायकल ढकलत तिच्या खुर्चीसमोरून जाताना म्हणाला.

"ढकलताय ना? मग पादचारी," म्हणून तिने रेघ ओढली.

ती रस्ते खात्यातली मोजणी कारकून. चौकाच्या कोपऱ्यावर घडीची खुर्ची टाकून सकाळी सात ते अकरा येणारं-जाणारं मोजायचं. नियम छापीलच होता: सीटवर बसलेला तो सायकलस्वार, उतरून चालणारा तो पादचारी. रस्त्याच्या कडेने गुडघाभर भिंत घालून सायकलींना वेगळी वाट करायचा आराखडा होता. तीन दिवस रोज सरासरी पाचशे सायकलस्वार भरले तर वाट होणार, नाहीतर जागा मोटारींना. आज तिसरा दिवस.

भरणार कुठून? गाड्या अंगाला घासून जायच्या, म्हणून शहाणी माणसं चौकाअलीकडच्या पेट्रोलपंपाशी उतरत ती थेट पलीकडच्या शाळेपाशी पुन्हा चढत. घरोघरच्या बायकांनी तशा शपथाच घातलेल्या. तिनेही घातली होती. तिचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं, आणि गाड्या नेमक्या त्याच बाजूने यायच्या.

साहेबांकडे तिने ढकलणाऱ्यांसाठी वेगळा रकाना मागून पाहिला होता. साहेब तसे वाईट नव्हते. रकान्याला वरून मंजुरी लागते, म्हणाले, आणि मंजुरी येईपर्यंत आपण दोघं निवृत्त होऊ.

म्हणून काल जेवताना ताटाकडे बघतच ती नवऱ्याला म्हणाली होती, "उद्या चौकात उतरू नका."

तो हसला. दोन वर्षं उतरा-उतरा म्हणून डोकं खाल्लंस, आता चढवतेस होय? पण बरोबरच्या चौघांनाही सांगतो म्हणाला.

साडेनऊला तो आला. सीटवर ताठ, हत्यारांची पिशवी कॅरियरला, आणि बघ कसा आलो असं हसू. थोडं मागे ते चौघं. त्याच्या पाठीशी ट्रक होता. हॉर्नने सगळा चौक वळून बघत होता, तो सोडून.

तिच्या मांडीवरची मोजणीच्या कागदाची फळी खाली पडली. दोन्ही हात हलवत ती ओरडली, "अहो, उतरा!"

तो उतरला. ट्रक कोपराजवळून गेला. मागचे चौघंही मुकाट उतरले.

तिने फळी उचलली, धूळ झटकली आणि पादचाऱ्यांत रेघा मारल्या. चार उभ्या, एक आडवी.

सरासरी भरली तीनशे एक्क्याण्णव. कागद उलटत साहेब म्हणाले, "पादचारी मात्र भरपूर आहेत हो तुमच्याकडे." निदान फुटपाथ तरी रुंद करतील, असं तिला उगीच वाटून गेलं. दोन महिन्यांत तोही मोटारींसाठी हातभर कापला.

आता ती घरून आधी निघते आणि पेट्रोलपंपाशी थांबते. तो उतरला की त्याच्या उजवीकडे होते आणि कॅरियरवर हात ठेवून शाळेपर्यंत चालते. त्या बाजूने त्याला ऐकू येत नाही, म्हणून दोघं बोलत नाहीत.