लाल काचेखालचा डांक

मूल थोडं मोठं होईपर्यंत एम.ए. थांबवा, असं प्रोफेसर हॉलंडनी गेल्या आठवड्यात अगदी प्रेमाने सुचवलं होतं. अँग्लो-सॅक्सन सोनारांवरचं माझं आजचं प्रेझेंटेशन ऐकून ते काय ते ठरवणार होते. आणि आजच श्रूजबरीत बर्फ पडलं. प्रतिमाकाकूंनी बेबीसिटिंग कॅन्सल केलं, नवऱ्याला, गिरीशला, हॉस्पिटलात ड्यूटी. दीड वर्षाच्या शरयूला कारसीटमध्ये बांधलं आणि निघाले.

नमुन्याचा ब्रोच मीच केला होता. पितळी पट्ट्यांची घरं, त्यांत गार्नेटच्या खड्यांऐवजी लाल काचा. शरयूच्या हाती लागल्या तर, म्हणून कडा घासून बोथट केलेल्या. मागून डांक, म्हणजे काचेला तेज यावं म्हणून लावायचा चमकता पत्रा. मी तो किचनमधल्या फॉइलवर कंगव्याने रेघा ओढून बनवला. सोलापूरला माझे बाबा दागिन्यात खड्याखाली डांक घालतात, तसाच.

पार्किंग लॉटमध्ये मागे वळले, तर ब्रोच शरयूच्या मांडीवर! बॅगेतून कधी ओढला कोण जाणे. आधी तिच्या तोंडात बोट फिरवलं, मग काचा तपासल्या. सगळ्या जागेवर. अर्धा डांक मात्र चुरगळून तिच्या मुठीत. दुरुस्तीला वेळ नव्हता.

तिला कडेवर घेऊनच बोलले. हॉलंडनी मध्येच विचारलं, खडा मुळात चमकतो, मग न दिसणाऱ्या पत्र्यावर इतकी मेहनत कशाला?

मी मोडका ब्रोच प्रोजेक्टरच्या उजेडात धरला. अर्धा निखाऱ्यासारखा पेटला. उरलेला सुकलेल्या रक्तासारखा काळपट. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे आली.

हॉलंड बराच वेळ तो उलटसुलट करून बघत राहिले. मग चष्मा काढत म्हणाले, "उत्तम. पण पुढच्या टर्मला हिला कोण सांभाळणार?"

"सर, सातव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन राजा इनीच्या कायद्यात उमरावाला गाव सोडताना तीन माणसं बरोबर नेण्याची मुभा होती. कारभारी, धातूचा कारागीर आणि मुलांची दाई. इतकी त्यांची किंमत. त्यांतली दोन, कारागीर आणि दाई, माझ्या एकटीच्या रूपात तुमच्यासमोर उभी आहेत."

वर्ग हसला. हॉलंडही हसले, आणि पुढच्या टर्मला कुठला विषय घेणार, एवढंच त्यांनी विचारलं.

शरयूने मुठीतला फॉइलचा गोळा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.