चार भिंतींतलं रडणं

माझ्या भावजयीला, हाविसला, पुरून महिनाही झाला नव्हता, तोच तिचा भाऊ ऑस्बर्ट आमची थॉर्नवेल गावची गढी परत मागायला आला. गढी, गिरणी, कुरणं सगळं तिच्या माहेरचं. मूल जिवंत जन्मलं असेल तर बायको गेल्यावरही नवऱ्याला हे सगळं स्वतः मरेपर्यंत राखता येतं, नाहीतर माहेरी परत. आणि जिवंत कशावरून? तर चार भिंतींच्या आत त्याचं रडणं ऐकू आलं पाहिजे, आणि तशी शपथ पुरुषांनी घेतली पाहिजे. पुरुष होते दाराबाहेर, बिअर ढोसत. आत आम्ही बायका होतो, म्हणून आम्हाला विचारायचं नाही. असला हा कायदा, जळो मेला!

पोरगी जिवंत जन्मली होती. माझं बोट धरलं होतं तिने. रडली मात्र नाही. मी फुल्कला, माझ्या धाकट्या भावाला, आत बोलावलं तेव्हा त्याची बायको गेली होती, आणि त्याच्यादेखत माझ्या बोटावरची मूठ सुटली.

गढी गेली की माझंही छप्पर जाणार. या वयात मला मठातही कोणी घेणार नाही. म्हणून मी फुल्कला बजावलं होतं, "तू गप्प बस. बाकीचे बोलतील."

आणि ते न्यायालयात बोललेही. गिरणीवाला वॉरिन न्यायाधीशांना म्हणाला, "ऐकलं की, सरकार! असा टाहो, की हातातला पेला सांडला माझा."

"दाजी, बिअरच्या पिंपातून रडली वाटतं तुमची लेक?" ऑस्बर्टने टोमणा मारला. लोक हसले.

फुल्क उठला. मी त्याची बाही ओढली, पण तो बसेना.

"वॉरिन खोटं बोलत नाही, सरकार. टाहो त्याने ऐकला. पण तो माझा होता. पोरगी रडलीच नाही."

निकाल ऑस्बर्टच्या बाजूने लागला.

वाटेत मी त्याला नाही नाही ते बोलले. "मोठा संत लागून गेलास! आता हिवाळ्यात काय खायचं, तुझा खरेपणा?"

"ताई, त्या पोरीसाठी एवढं एकच रडणं झालं त्या घरात," तो म्हणाला. "तेही विकू?"

दुसऱ्या दिवशी बांधाबांध सुरू केली. पाळणा हाविसच्या माहेरचा, तो ठेवावा लागला. आतलं अंथरूण तेवढं आमचं होतं.