उजवं वल्हं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. गावाच्या जुन्या बागेतल्या तळ्यात माझा जन्म गेला. सुताराने मला एक बाकडं आणि दोन वल्ही दिली. दोघांनी शेजारी बसून एकेक मारायचं. बागेत झुकझुक गाडी होती, घसरगुंडी होती, तरी मुलं आधी माझ्याकडे धावत.

मग हंसाच्या आकाराच्या होड्या आल्या आणि मी काठावर उपडी पडले. उन्हाने माझ्या फळ्या आकसल्या, फटी पडल्या. अशा होडीला आधी पाण्यात भिजत ठेवतात. फळ्या फुगतात, फटी मिटतात, मगच माणसं बसवतात. पण एका सुट्टीला गर्दी उसळली आणि होडीवाल्याने मला तशीच पाण्यात लोटलं.

एक आजोबा आले. पूर्वी ते बायकोबरोबर येत. ती गेल्यापासून आले नव्हते. आज लेक आणि नात त्यांना घेऊन आल्या होत्या. आजोबा सवयीने डावीकडे बसले, डावं वल्हं मारू लागले. उजवीकडची जागा रिकामीच. त्या दोघी माझ्या मागच्या टोकावर टेकल्या.

"बाबा, आपण गोल गोल फिरतोय!"

"तुझी आई वल्ह्याला नुसती हात लावून बसली असेल," आजोबा म्हणाले आणि त्यांची नजर शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली.

तळ्याच्या मध्यावर माझ्या फटीतून पाणी आत येऊ लागलं. माझा जीव टांगणीला लागला. ओरडू कशी?

"आजोबा, माझे मोजे भिजले!"

लेक उठली. "सरका. आईचं वल्हं द्या मला."

"ते असू दे."

"अहो बाबा, पाणी भरतंय!"

आजोबांनी खाली पाहिलं. मग नातीकडे. उजवं वल्हं उचलून त्यांनी लेकीच्या हातात दिलं. "दमाने मार. आईसारखी मला भिजवू नकोस."

"भिजायचं काय राहिलंय आता?"

नात खाऊच्या डब्याने पाणी उपसत होती. मी जडावले, डुलले, पण सरळ निघाले. काठ लागला तेव्हा पाणी बाकड्याला टेकलं होतं.

आता मला काठाशी बांधून भिजत ठेवलंय. काल आजोबा एकटेच आले. माझ्या फटीवरून बोट फिरवत होडीवाल्याला म्हणाले, "घाई करू नका. तिला वेळ लागेल."

फटी मिटतील ना, ही धाकधूक मला अजून आहे. मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत कोरडी पडू देऊ नका. आणि तुमच्या घरी कुणी एका बाजूला सरकून बसत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.