खंडेनवमीचं ड्रिल

जपानी लोकांची मूळ आई सापडली. ती सिंगापुरात मरीन परेडला चौदाव्या मजल्यावर राहते आणि तिचे गुडघे दुखतात.

असं काहीही घडलेलं नाही. वरची दोन वाक्यं मी लिहिली नाहीत, तुम्ही वाचली नाहीत.

मी निहार. प्राचीन हाडं ड्रिलने कोरून त्यांच्या पुडीतून डीएनए काढतो. प्राध्यापक वातानाबेंनी जपानहून एक हाड आणलं होतं, कानामागचं, सुपारीएवढं. भातशेती येण्याआधी तिथे राहणाऱ्या जोमोन लोकांपैकी एकाचं. जपानी माणूस नेमका कुठून आला, याचा एक तुकडा त्यात होता. डबी माझ्या हातात देताना ते डबीपुढे वाकले. म्हणाले, "आमच्या आजोबांसारखं जपा."

खंडेनवमीला आईने दारातच अडवलं. "तुझं हत्यार आण घरी."

"आई, ते लॅबचं ड्रिल आहे."

"पोट कशावर भरतोस? मग पूज."

ड्रिल एमआरटी मेट्रोने मांडीवर बसून आलं. आईने हळद-कुंकू वाहिलं, जास्तीचं कुंकू फुंकर मारून उडवलं आणि बजावलं, "उद्या दसऱ्याला पहिलं काम होईपर्यंत पुसायचं नाही हं."

नियम असा, की ड्रिल ब्लीचने पुसल्याशिवाय हाडाला लावायचं नाही, नाहीतर दुसऱ्याच माणसाचा डीएनए त्यात मिसळतो. दसऱ्याला सकाळी लॅबमध्ये मी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये होतो, दोन मास्क, एकावर एक तीन हातमोजे. पुसलं मात्र नाही. मला ब्लीचपेक्षा आईची भीती जास्त. अख्ख्या हाडाची पूड झाली. किंचित गुलाबी.

तीन आठवड्यांनी आमच्या लॅबच्या प्रमुख डॉ. आयरीन तान यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्या दार कधीच लावत नाहीत.

"हाड पुरुषाचं, डीएनए बाईचा. लॅबमधल्या तुम्हा सगळ्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिला. ही बाई एक तर तुझी आई आहे, नाहीतर मुलगी."

"मला मुलगी नाही."

"आय नो, लाह."

वातानाबे शुक्रवारी येणार होते. त्यांना कोण सांगणार, हे डॉ. तान यांनी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

घरी आलो. आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गुडघे चोळत राहिली.

"दुसरं हाड नाही का रे त्यांचं?"

"नाही. चार हजार वर्षं टिकलं होतं. आपण एका सकाळीत संपवलं."

"रागावतील?"

"नाही आई. ते वाकतील. रिकाम्या डबीपुढे. माझ्यासमोर."

देव्हाऱ्यातला दिवा आईने उगाचच पुन्हा लावला. मी लिहायला बसलो.

"मा. प्राध्यापक वातानाबे यांस,
विषय: आजोबांची भरपाई.
महोदय, हाड माझ्या चुकीने नष्ट झाले. आईचा दोष नाही, तिने फक्त फुंकर मारली. तरी अर्जदाराच्या डाव्या कानामागील हाड बदली नमुना म्हणून जमा करून घ्यावे, आणि ते पुरेसे जुने होईपर्यंत, म्हणजे अंदाजे चार हजार वर्षे, आपण कृपया वाकू नये, ही नम्र विनंती."