तापल्या हातांना पाणी

युफ्रोसिनाने दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले आणि डॉक्टरीणबाईंकडे न पाहताच म्हणाली,

"बघा काय उरलंय ते."

बोटांच्या टोकाशी, नखांच्या जरा खाली, हाडाच्या कडक गाठी आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी एकेक दाबून पाहिली.

"सकाळी आखडतात का हो, मावशी?"

"चूल पेटेपर्यंत. मग सुटतात. दिवसभर भाकऱ्या थापल्या की संध्याकाळी पुन्हा ठणकायला लागतात."

"ही झीज आहे. वापरून वापरून सांधे झिजलेत."

युफ्रोसिनाने सुस्कारा टाकला. वाहाका शहराच्या बाजारात मक्याच्या भाकऱ्या विकण्यात तिचा जन्म गेला होता; झीज तर व्हायचीच. मागे भिंतीला टेकून तिची लेक नेरेइदा उभी होती, हात शालीत गुंडाळलेले. आईला सोबत म्हणून आलेली, पण दमलेली तीच दिसत होती.

"हिलाही सांगा जरा," युफ्रोसिना म्हणाली. "अजून चाळिशी नाही आणि दुखण्यात माझ्या वरताण. कितीदा बजावलं, तव्यावरून उठून तापले हात गार पाण्यात घालू नकोस. ऐकेल तर शपथ! आता दहा वाजेपर्यंत महाराणी खुर्चीत."

"आई, पुरे ना."

"इकडे ये बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नेरेइदाने शाल बाजूला केली. तिच्या बोटांची टोकं नीट होती. सुजली होती ती बोटांची मुळं आणि मनगटं, दोन्ही हातांची, अगदी सारखी. डॉक्टरीणबाईंनी नुसतं बोट टेकवलं तरी तिने ओठ चावला.

"गरम लागतंय. सकाळी मूठ कधी वळते?"

"दहा वाजतात," नेरेइदा खालच्या आवाजात म्हणाली. "आणि थकवा... झोपून उठलं तरी जात नाही."

युफ्रोसिनाने तिच्याकडे पाहिलं. थकव्याचं ती घरी कधी बोलली नव्हती. बोलली असती तर आपण काय म्हटलं असतं, हेही युफ्रोसिनाला ठाऊक होतं.

"मावशी, लोक दोन्हीला संधिवातच म्हणतात, पण दुखणी दोन आहेत. तुमचे सांधे झिजलेत. हिच्या बाबतीत शरीरच स्वतःच्या सांध्यांवर उठलंय. रक्त तपासू, पण लक्षणं तीच दिसतायत. वेळेवर औषध सुरू झालं तर हात वाचतील. अंगावर काढलं तर बोटं वाकडी होतील, ती मग सरळ व्हायची नाहीत."

"पाण्यामुळे झालं ना हे?"

"नाही. पाण्याचा काही संबंध नाही. ना हिच्या दुखण्याशी, ना तुमच्या."

युफ्रोसिनाने आपल्या बोटांकडे पाहिलं. तापल्या हातांना तिने उभ्या जन्मात गार पाणी लावलं नव्हतं. तिच्या आईनेही नाही. तरी या गाठी आल्याच होत्या. आणि लेकीला रोज सकाळी मारलेले टोमणे आता एकेक करून आठवत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना युफ्रोसिना तव्याशी होती. मातीचा तवा चांगला धगधगत होता. भाकऱ्यांची चळत फडक्यात झाकून झाली, तोवर नेरेइदा भिंतीचा आधार घेत बाहेर आली. पुढच्या भाकऱ्यांसाठी चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका टोपात धुवायचा राहिला होता. ते काम तिचं. ती टोपाकडे वळली.

युफ्रोसिना तिच्याआधी पोचली. हात अजून लाल होते. क्षणभर ती तशीच उभी राहिली, मग तिने कोपरापर्यंत दोन्ही हात गार पाण्यात घातले.

"आई! अगं, आत्ता तव्यावरून उठलीस ना!"

युफ्रोसिना दाणे चोळत राहिली. सालं सुटून पाण्यावर येत होती. गाठी ठणकत होत्या, रोजच्याइतक्याच.

"ती खुर्ची घे," ती मान वर न करता म्हणाली. "आणि दहा वाजेपर्यंत उठायचं नाही."