शून्य पूर्णांक चार

कर्वेनगरजवळच्या आमच्या सबस्टेशनात बाबुरावांचं अक्षर सगळ्यांत देखणं. नोंदवहीत अकरा वर्षांत एक खाडाखोड नाही. निवृत्तीला बारा दिवस उरले होते आणि 'उत्कृष्ट नोंदवही'चं प्रमाणपत्र निरोपसमारंभात मिळायचं ठरलं होतं. ते लावायला त्यांच्या बायकोने, शालनताईंनी, दिवाणखान्यात खिळासुद्धा ठोकून घेतला होता.

अशा वेळी टेस्टिंगच्या अक्षता मॅडम मीटर घेऊन आल्या.

ट्रान्सफॉर्मरसमोर चिनीमातीचे तीन लाइटनिंग अरेस्टर उभे असतात. आभाळातली वीज अंगावर घ्यायची आणि जमिनीत सोडायची, एवढंच त्यांचं काम. वय झालं की त्यांच्यातून एरवीही करंट झिरपायला लागतो. किती, ते पायाशी बसवलेल्या मीटरवर दिसतं आणि दर पाळीला वहीत लिहायचं असतं. बाबुराव लिहायचे: ०.४.

अक्षताने मधल्या अरेस्टरच्या अर्थिंगच्या पट्टीला स्वतःचं मीटर लावलं.

"काका, इथे दोन पूर्णांक सहा येतंय. हा संपलाय. आणि खालच्या मीटरची काच पांढरी झालीय, काटाच दिसत नाही. तुम्ही वाचता काय?"

"मागच्या पाळीला दिसला असेल. त्यांनी ०.४ लिहिलंय."

"आणि त्यांच्या मागच्या पाळीला कोण होतं?"

"मीच."

तिने वरच्या ऑफिसात विश्वजीत साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "वही उत्तम म्हणतेय. तुमचं मीटर एका दिवसाचं, वही अकरा वर्षांची. बदलायला मंजुरी कशी देऊ?"

"पहिल्या वळवाला हा फुटेल काका," फोन ठेवून ती म्हणाली. "चिनीमातीचे तुकडे थेट त्या खिडकीत."

त्या खिडकीशी समाधान ऑपरेटर डबा खात होता. त्याने खुर्ची सरकवली.

बाबुराव बराच वेळ वही चाळत बसले. मग एक पान उघडून पुढे केलं.

"याचा फोटो पाठवा साहेबांना. गेल्या एप्रिलमध्ये स्टँड गंजला म्हणून हाच अरेस्टर आठवडाभर उतरवून व्हरांड्यात ठेवला होता. मी त्यावर टॉवेल वाळत घालायचो. त्या आठवड्याचं रीडिंग बघा."

सात दिवस, तीन पाळ्या. ०.४.

"काका, तुमचं प्रमाणपत्र..."

"खिळ्याला कॅलेंडर लावू."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. "बाबुराव, हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर ओळखलंत, आभारी आहे."

प्रमाणपत्र रद्द झालं. अरेस्टर मात्र आठवड्यात बदलला, खाली नवं मीटर, लख्ख काच.

शेवटच्या दिवशी बाबुराव सहज वही बघायला गेले. समाधानने नुकतीच नोंद केली होती: ०.४.

"अरे, काटा ०.२ वर आहे!"

"दिसला ना काका. पण एकदम निम्मं कसं लिहायचं? वरचे विचारतील."

बाबुरावांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, ०.४ वर सरळ रेघ मारली, शेजारी सुबक ०.२ लिहिलं आणि खाली सही केली.

अकरा वर्षांतली ती पहिली खाडाखोड.