फळा पुसण्याआधी

"सर, तुम्ही नेमकं काय दाबलंत?" टाचणीने विचारलं.

मी पाटीवर लिहिलं : होय.

"आणि प्रश्न काय होता?"

पाटी पुसून लिहिलं : वाचला नाही.

शेजारी बसलेली ही खुदकन हसली. "चाळीस वर्षं पोरांच्या मागे लागले, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि यांचं स्वतःचं बघ!"

टाचणी मात्र हसली नाही. तिने माझा गेम उलटा केला आणि मागचे स्क्रू सोडवायला घेतले. हातात धरून खेळायचा, दोन्ही बाजूंना ठसठशीत बटणं असलेला तो तिचाच लहानपणचा गेम.

टाचणी चौथीत माझ्या वर्गात होती. अंगाने इतकी बारीक, की मुलांनी हे नाव ठेवलं. पुढे तिने जिन्याखाली फोन, खेळणी, कानाची मशीन दुरुस्त करायचं दुकान काढलं आणि तेच नाव दारावर रंगवून टाकलं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढायचं ठरवलं. ऑपरेशनला आठवडा होता, तेव्हा ती हा गेम घेऊन घरी आली. म्हणाली, "सर, यात फक्त कंपनीचेच खेळ चालतात. पण एक फट आहे. मासेमारीच्या खेळात होडीला नाव द्यायचं असतं, आठ अक्षरांचं. कोणीतरी खूप लांब नाव दिलं. अक्षरं समासाबाहेर सांडली आणि यंत्राला वाटलं, हा हुकूमच आहे! त्या सांडलेल्या जागेत आपला प्रोग्रॅम बसवता येतो." ही फट शोधणारा कुठला कोण, तिलाही ठाऊक नव्हतं. त्याने ती सगळ्यांना फुकट सांगून टाकली होती. समासाबाहेर लिहिणाऱ्या पोरांचे मी जन्मभर मार्क कापले. त्या अनोळखी पोराला मात्र पैकीच्या पैकी.

तिने आत चित्रं बसवली आणि प्रत्येक चित्रामागे माझा आवाज. त्या आठवड्यात मी एक्केचाळीस वाक्यं बोललो. 'खाली बस.' 'हातचा विसरलास.' 'पुन्हा कर, घाई नाही.' 'कोण रडतंय?' 'शाब्बास.' फोनवरही हे जमलं असतं, पण फोन दिसला की मुलं अभ्यास सोडून फोनच मागतात. शिवाय ही बटणं न बघता सापडतात. आमच्या इमारतीतली सात मुलं रोज सकाळी माझ्याकडे येतात आणि दोन वर्षं मी त्यांना असा अंगठ्याने शिकवतोय.

काल सकाळी पडद्यावर काहीतरी अदबीने विचारलं गेलं आणि मी 'होय' दाबलं. कंपनीची नवी सिस्टिम आली. फट बुजली. होडीचं नाव आता आठ अक्षरांवर जाईना, आणि माझा आवाज आत कोंडला गेला.

"म्हणजे गेला का गं?" हिने विचारलं. आता ती हसत नव्हती.

"आत असेल, काकू. नव्या सिस्टिमने त्या जागेवर पाय दिला नसेल तर."

टाचणीने खण उघडून एक छोटी डबी काढली. वर चिठ्ठी होती : सरांचा गेम, आधीचा.

"पहिल्या दिवशी, काही करायच्या आधी, आतलं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. जुनी सिस्टिम आहे यात. ती परत घालू. आवाज यात नाहीत, ते नंतरचे. म्हणून आधी आत्ता जे आहे तेही उतरवून घ्यायचं."

मी लिहिलं : हे कुठे शिकलीस?

दोन अधिक दोन किती असं मी विचारल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "सर! तुम्हीच सांगायचात, फळा पुसण्याआधी वहीत उतरवून घ्या. मी किती हळू लिहायचे! तुम्ही डस्टर हातात धरून थांबायचात. घंटा व्हायची, वर्ग रिकामा व्हायचा, तरी थांबायचात."

मला हे आठवत नव्हतं. माझ्या लेखी मी नुसता उभा होतो.

मग तिने डोळ्याला भिंग लावलं. केसासारख्या पाच तारा आतल्या चिपला डाग देऊन जोडायच्या होत्या. एक डाग शेजारी सांडला तर चिप जाणार. ही उठली आणि पदर तोंडाशी धरून उभ्यानेच बघत राहिली. राळेचा वास सुटला. पाचवा डाग लागल्यावर टाचणीने श्वास सोडला. पडद्यावर एक हिरवी रेघ मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागली.

"आता थांबायचं," ती म्हणाली.

आम्ही थांबलो. पाटी पुसायचं फडकं माझ्या हातातच राहिलं होतं.

रेघ पुरी झाली. जुनी सिस्टिम आत गेली, मागोमाग आत्ता उतरवून घेतलेली चित्रं आणि आवाज. टाचणीने होडीला लांबलचक नाव दिलं, पडदा थरथरला, काळा झाला आणि माझी चित्रं वर आली. तिने पहिलं बटण दाबलं.

"खाली बस!" मी त्या जिन्याखाली खणखणीत ओरडलो.

ही पटकन खाली बसली. मग आम्ही तिघं डोळ्यांत पाणी येईतो हसलो. माझ्या हसण्याचा आवाज येत नाही, पण खांदे हलतात.

एकेक वाक्य तपासलं. चाळीस शाबूत होती. एक्केचाळिसावं नुसतं "शाब्" म्हणालं आणि खरखरलं.

टाचणीने ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. "नेमकं हेच कसं तुटलं! सर, मी मध्ये आणखी एकदा प्रत काढायला हवी होती. आळस केला."

मी पाटी स्वच्छ पुसली. मोठ्या अक्षरात, काना थेट लाकडी चौकटीवर गेला तरी, लिहिलं : शाब्बास.

तिने ते वाचलं, मान खाली घातली आणि बराच वेळ एकच स्क्रू पिळत राहिली.

आज सकाळी मुलं आली. सगळ्यांत धाकटीने हातच्याची वजाबाकी पहिल्यांदाच बरोबर सोडवली आणि वही माझ्यापुढे धरली. अंगठा सवयीने त्याच बटणावर गेला.

"शाब्..."

खरखर. सातही जणांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"...बास!" धाकटी म्हणाली.

मग सगळीच ओरडली, "बास!"

"ऐकलंत ना?" ही आतून म्हणाली. "पोरं बास म्हणतायत. पुरे करा आता!"

मी परत तेच बटण दाबलं.